प्रबंधात बातम्यांची कात्रणं: पुरावा म्हणून किती चालवायची?

कागदकिडा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातलं एक प्रकरण वाचायला आलं. विषय राजकीय आंदोलनांचा. तळटिपा 84, त्यातल्या 61 निव्वळ वर्तमानपत्रांच्या बातम्या. "अमुक दिवशी मोर्चात हजारो लोक सहभागी झाले", खाली तारीख टाकली की काम संपलं. ते हजारो मोजले कोणी? पोलिसांनी, आयोजकांनी, की बातमीदाराने लांबून नजर टाकून? पत्ता नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अमुक दिवशी अमुक छापून आलं, एवढ्याच गोष्टीचा बातमी हा पुरावा आहे. तसं खरोखर घडलं का, हा वेगळा प्रश्न आणि त्याचं उत्तर वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं.

1948 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईने ट्रूमनला हरवलं, असा आठ रकानी मथळा शिकागो ट्रिब्यूनने छापून टाकला. निकालात ट्रूमन 303 विरुद्ध 189 निर्वाचक (इलेक्टोरल) मतांनी जिंकले. त्यावर आजही हसतात लोक, पण ती चूक एका दिवसात उघडी पडली म्हणून. ज्या चुका वर्षानुवर्षं झाकलेल्या राहतात त्यांचं काय? वॉल्टर ड्युरांटी हा न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्कोतला बातमीदार, पत्रकारितेचा 1932 चा पुलित्झर पुरस्कार त्याला मिळालेला. सोव्हिएत युक्रेनमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मरत असताना, 31 मार्च 1933 रोजी त्याने लिहिलं की रशियन लोक भुकेले आहेत, उपासमार मात्र नाही. आता त्या वर्षाचा इतिहास फक्त कात्रणांवर लिहून बघा.

तेव्हा कात्रणाने वाट दाखवावी, साक्ष मूळ कागदाची घ्यावी. सरकारी दप्तर, न्यायालयाचे निकाल, आरोग्याच्या बाबतीत मूळ शोधनिबंध. विरोधी मत असेल तर ऐकायला आवडेल.

बखरवाचक

विरोधी मत आहे आणि ते तुमच्याच उदाहरणातून निघतं. ड्युरांटी सांगितलात, पण गॅरेथ जोन्स गाळलात! हा वेल्सचा तरुण बातमीदार मार्च 1933 मध्ये युक्रेनच्या खेड्यांतून पायी हिंडला आणि बाहेर पडल्यावर बर्लिनमध्ये त्याने जे पाहिलं ते सांगितलं. ड्युरांटीचा तो लेख म्हणजे जोन्सला खोटं पाडायला लिहिलेलं उत्तर होतं. खोटं लिहिणारा बातमीदार आणि खरं सांगणाराही बातमीदारच.

आणि तुमचे ते 'मूळ कागद'? सोव्हिएत सरकारने 1937 मध्ये जनगणना केली, माणसं अपेक्षेपेक्षा कमी भरली, तर आकडे दडपले आणि जनगणनेच्या अधिकाऱ्यांनाच अटक केली. सरकारी दप्तरावर विसंबून राहिला असतात तर दुष्काळ झालाच नव्हता.

1943 चा बंगाल घ्या. युद्धकाळ, बातम्यांवर बंधनं, सरकार 'दुष्काळ' हा शब्द तोंडातून काढायला तयार नाही. कलकत्त्याच्या स्टेट्समनने 22 ऑगस्टला रस्त्यावरच्या भुकेल्या माणसांची छायाचित्रं छापली आणि मग दिल्ली-लंडनला नजर वळवणं अवघड झालं. नंतर सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा सुमारे 15 लाख धरला, पुढच्या अभ्यासकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. दप्तरातला आकडा निम्म्यावर चुकतो, तेव्हा त्याला आपण 'अधिकृत' म्हणून मान देतो. बातमीदाराचं चुकलं की लगेच 'हे वर्तमानपत्रवाले असेच'.

सरळरेषा

+1. आणि न्यायालयाचे निकाल म्हणजे काय आकाशातून पडतात? तिथेही दोन वकिलांनी आपापली बाजू लावून धरलेली असते.

आकडेमोड

दोघंही खऱ्या-खोट्यात अडकलात. माझ्या कामात (आंदोलनांची विदा, म्हणजे डेटा, गोळा करतो) खोट्या बातमीचा त्रास फार कमी होतो. खरा त्रास न आलेल्या बातमीचा.

वॉशिंग्टनमधल्या निदर्शनांवर एक जुना अभ्यास आहे. 1982 आणि 1991 या दोन वर्षांत निदर्शनांसाठी घेतलेल्या परवान्यांच्या नोंदी काढल्या आणि वर्तमानपत्रं व टीव्हीवर काय आलं ते शेजारी ठेवून पाहिलं. बहुतेक निदर्शनांची कुठे ओळही आली नव्हती. आली ती मुख्यतः मोठ्या जमावाची. म्हणजे "अमुक दशकात आंदोलनं वाढली" असं कात्रणांवरून म्हणणारा कदाचित एवढंच सांगत असतो की त्या दशकात संपादकांना आंदोलनांत रस वाढला.

याहून वाईट सापळा सेन्सॉरचा. जून 1975 ते मार्च 1977 या आणीबाणीच्या काळातल्या भारतातल्या बातम्या मोजल्या तर देश अगदी शांत दिसेल. पण 26 जूनच्या सकाळी दिल्लीतली कितीतरी वर्तमानपत्रं निघालीच नव्हती, कारण आदल्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली होती. 28 जूनच्या इंडियन एक्स्प्रेसमध्ये अग्रलेखाची जागा कोरी. शब्द शोधणारा संगणक त्या कोऱ्या जागेची नोंद 'शून्य' अशी करतो. माझ्या मते त्या अंकातला सगळ्यात बोलका मजकूर तोच.

नाडीपरीक्षा

आरोग्याबद्दल 'मूळ शोधनिबंध वाचा' हे ऐकायला चोख वाटतं. मी स्वतः वर्गात हेच सांगते. पण गंमत अशी, की मूळ शोधनिबंध कोणते वाचले जातात हेच मुळात वर्तमानपत्रं ठरवतात.

1978 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये 12 आठवडे संप होता. पेपर विकला गेला नाही, पण नोंद राहावी म्हणून संपादक मंडळी आत अंक तयार करत राहिली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधले कोणते निबंध बातमीला घ्यायचे, ही निवडही चालूच होती. 1991 मध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. एरवी ज्या निबंधांची टाइम्समध्ये बातमी आली, त्यांना पहिल्या वर्षात तशाच इतर निबंधांपेक्षा सुमारे 73 टक्के जास्त संदर्भ मिळाले. संपकाळात निवडलेल्या, पण वाचकांपर्यंत न पोचलेल्या निबंधांना असा काहीच फायदा झाला नाही. निवडणारे तेच, निबंधांची प्रतही तशीच, फरक फक्त बातमी बाहेर पडली की नाही याचा. आणि हे संदर्भ देणारे कोण? शास्त्रज्ञ. आम्हीच! नाश्त्याच्या टेबलावर पेपर वाचून प्रयोगशाळेत जाणारे.

दुसरं, साथींचं. 30 डिसेंबर 2019 ला प्रोमेड या साथरोगांच्या इशारा-यादीवर वुहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाची सूचना आली, तिचा एक आधार चिनी माध्यमातली बातमी होती. कॅनडाची जीफिन ही यंत्रणा तर 1997 पासून बातम्या चाळूनच साथींचा माग काढते. मूळ शोधनिबंध येईपर्यंत थांबलं तर साथ घरात येऊन बसलेली असते.

कागदकिडा

@नाडीपरीक्षा, संपाची गोष्ट माहीत नव्हती, मान्य. पण ती माझ्याच बाजूची नाही का? ज्या आरशाकडे बघून आपण चेहरा तपासतो तोच चेहरा बदलत असेल, तर जास्तच जपून राहायला हवं.

आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचं काय? लॅन्सेटमध्ये 1998 साली वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा 12 मुलांवरचा निबंध आला. त्या 12 मुलांवरून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं 'लस आणि ऑटिझम' चालवलं. इंग्लंडमध्ये लसीकरण 90 टक्क्यांच्या वरून 80 च्या आसपास घसरलं. ही बातमीदारी पुरावा म्हणून वापरायची?

नाडीपरीक्षा

पुरावा म्हणून नका वापरू, पण गोष्ट पूर्ण सांगा. निबंध छापला कोणी? त्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या, नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने. त्यातली लबाडी खणून काढली कोणी? संडे टाइम्ससाठी लिहिणाऱ्या ब्रायन डियर या बातमीदाराने, 2004 पासून. लॅन्सेटने तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला, म्हणजे 12 वर्षांनी. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने डियरचे लेख छापले, त्यात त्या मुलांच्या नोंदी आणि निबंधातला मजकूर समोरासमोर ठेवला होता. मूळ कागदाची तपासणी डॉक्टरांआधी एका बातमीदाराने केली, याची आमच्या धंद्याला थोडी लाज वाटायला हवी.

अतिशयोक्तीची सगळी पावती बातमीदारावर फाडू नका. 2014 मध्ये एका अभ्यासात 20 ब्रिटिश विद्यापीठांची आरोग्यविषयक 462 प्रसिद्धिपत्रकं तपासली, तर 40 टक्के पत्रकांतच वाचकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. फुगा विद्यापीठातच भरला जातो. पेपरवाला फक्त दोरा बांधतो.

रात्रपाळी

एका दैनिकात (नाव नको) 19 वर्षं रात्रीच्या टेबलावर उपसंपादक होतो. सगळं वाचलं, पण एक साधी गोष्ट कोणीच बोललं नाही. तुम्ही ज्याला 'अमुक तारखेचा अंक' म्हणता, तसा एकच अंक नसतो.

एका रात्री रेल्वे अपघात झाला. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी, लवकर सुटते, तिच्यात मृत 4 गेले. त्यानंतरच्या आवृत्तीत 11. पहाटेच्या शहर आवृत्तीत 17, आणि तेवढ्यात कोणीतरी फोनवर सांगितलं की दोन जखमींना चुकून मृतांत धरलंय. पान सुटलेलं. छापखान्यातल्या माणसाने माझ्याकडे बघून नुसता हात हलवला. दुसऱ्या दिवशी आत, पान 7 वर, दोन ओळींचा खुलासा गेला. ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या फाइलीत कोणती आवृत्ती गेली? जी त्या दिवशी त्या गावात पोचली ती. उद्या कोणी त्या फाइलीतून 17 उचलेल, आणि तळटीपही अगदी नियमाप्रमाणे देईल.

शिकागोच्या मथळ्याचंही तसंच. तेव्हा तिथल्या छपाई कामगारांचा संप चालू होता, वेगळ्या पद्धतीने पानं जुळवावी लागत होती, म्हणून पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कितीतरी तास आधी सोडावी लागली. मतमोजणी धड सुरू झाली नव्हती, मथळा अंदाजाने द्यावा लागला. आमच्या टेबलावरच्या कोणालाही त्या माणसाची दया येईल.

आकडेमोड

@रात्रपाळी, हे सोन्यासारखं आहे. डिजिटल संग्रहात तर मूळ बातमी शोधात वर येते आणि खुलासा येतच नाही, कारण खुलाशात बरेचदा मथळ्यातले शब्दच नसतात.

सरळरेषा

म्हणजे सगळेच खोटे, कोणाचंच वापरू नका, असं ठरलं का?

बखरवाचक

नाही हो. कागद कोणाच्या हातातून आला ते लिहा, एवढंच.

वसाहतकाळावर काम करणाऱ्यांना 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' माहीत असतील. सरकारी अनुवादक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांतले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याला सरकारला गोपनीय अहवाल द्यायचे. कितीतरी पत्रांचे मूळ अंक आज हरवलेत, उरलेत ते हे उतारे. म्हणजे तिथे कात्रण हेच सरकारी दप्तर झालंय! मूळ कागद कोणता आणि दुय्यम कोणता, @कागदकिडा, तुम्हीच सांगा. शिवाय साहेबाला जे खटकलं तेच प्रामुख्याने भाषांतरात गेलं. नुसते ते अहवाल वाचले तर प्रत्येक संपादक दिवसरात्र सरकारवर आग ओकत बसला होता असं वाटतं. प्रत्यक्ष अंक हाती आला की कळतं, अर्ध्याअधिक जागेत जाहिराती आणि बाजारभाव आहेत.

कागदकिडा

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करतो. पहिल्या पोस्टमधलं 'साक्ष मूळ कागदाची' हे वाक्य मागे घेतो. 'बातमी हा छापून आल्याचाच पुरावा' यावर मात्र अजून ठाम आहे.

प्रकरण परत पाठवलंय. बातम्या काढायला सांगितल्या नाहीत. 61 पैकी प्रत्येकीपुढे आवृत्ती, पान, आकडा कोणाच्या तोंडचा आणि पुढच्या तीन दिवसांत खुलासा आला का, एवढं लिहायला सांगितलंय. विद्यार्थ्याचा काल फोन आला होता. 23 झाल्यात म्हणाला, आणि त्यातल्या 9 बातम्यांत गर्दीचा आकडा आयोजकांनी दिलेला निघाला.