डर्व्होर्गिलाची वंशावळ काढताना गाडी अडली: गादीचा हक्क नेमका कुठून आला?

वाचनकट्टा_कोल्हापूर
महिनाअखेरीला कट्ट्यावर गॅलोवेच्या (नैऋत्य स्कॉटलंड) डर्व्होर्गिलावर, 13व्या शतकातल्या सरदारकन्येवर, चर्चा ठेवली आहे. भिंतीवर लावायला 22 × 28 इंची कार्डशीटवर वंशावळ काढायला घेतली आणि अडलं. बाप ॲलन गॅलोवेचा सरदार, राजघराण्यातला नाही. नवरा जॉन बेलिअल इंग्लंडमधल्या बार्नार्ड कॅसलचा. मग मुलगा जॉन 1292 साली स्कॉटलंडच्या गादीवर कोणत्या हक्काने बसला? रॉबर्ट ब्रूस तिचा कोण लागतो? आणि ॲलनला औरस मुलगा नव्हता, तर त्यानं दत्तक का घेतला नाही? आपल्याकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न हाच असणार.

मोडी_वाचक
तुम्ही वंशावळ ॲलनपासून सुरू केली असणार, तिथंच चुकलं. हक्क तिच्या आईकडून येतो. आई मार्गारेट ही हंटिंग्डनचा अर्ल डेव्हिड याची थोरली मुलगी, आणि डेव्हिड हा स्कॉटलंडचा राजा विल्यम याचा धाकटा भाऊ. विल्यमचा वंश 1290 साली तुटला आणि सगळे डेव्हिडच्या मुलींकडे वळले.

शीट उभी नको, आडवी घ्या. वर 2 इंच शीर्षकाला, खाली 4-4 इंचाच्या पाच ओळी. रुंदीत 7-7 इंचाचे चार रकाने: विल्यम, मार्गारेट, इझाबेला, एडा.
ओळ 1: विल्यम, बाकी तीन रकान्यांवर मिळून डेव्हिड.
ओळ 2: दुसरा अलेक्झांडर, मार्गारेट (नवरा ॲलन), इझाबेला (नवरा ब्रूस), एडा (नवरा हेस्टिंग्ज).
ओळ 3: तिसरा अलेक्झांडर (मृत्यू 1286), डर्व्होर्गिला, रॉबर्ट ब्रूस (1290 नंतर गादी मागणारा, म्हणून ‘दावेदार’), हेन्री हेस्टिंग्ज.
ओळ 4: मार्गारेट (नॉर्वेच्या राजाची बायको), जॉन बेलिअल (राजा), रॉबर्ट (कॅरिकचा अर्ल), जॉन हेस्टिंग्ज.
ओळ 5: नॉर्वेची लहानगी मार्गारेट (मृत्यू सप्टेंबर 1290), तांबडा कोमिन (जॉन बेलिअलच्या बहिणीचा मुलगा), रॉबर्ट ब्रूस (राजा).

या कामात मराठीचा फायदा आहे. इंग्रजीत सगळे एकाच शब्दात ‘कझिन’ होतात; आपल्याकडे दावेदार ब्रूस हा सरळ तिचा मावसभाऊ.

शक_सनावळी
रॉबर्ट लिहिताना प्रत्येकापुढे मृत्यूचं साल टाका, नाहीतर गोंधळ ठरलेला. दावेदार ब्रूस 1295, त्याचा मुलगा 1304, नातू म्हणजे राजा झालेला 1329. दावेदाराचा बापही रॉबर्टच. जॉन बेलिअलही दोन आहेत: ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना पैसे देणारा बाप 1268 साली वारला, राजा झाला तो मुलगा. तिथल्या बेलिअल कॉलेजचा संस्थापक म्हणून राजाचं चित्र चिकटवलेले तक्ते भरपूर दिसतात.

सनांचा आणखी एक खड्डा. तिकडं तेव्हा वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणून डर्व्होर्गिलाच्या मृत्यूची तारीख, 28 जानेवारी 1290, जुन्या कागदात 1289 मध्ये पडते. आपण शकात 78 मिळवतो, पण पौष-माघातल्या बऱ्याच तिथ्यांना 79 लागतात, तसंच हे. जानेवारी ते 24 मार्चची प्रत्येक तारीख तपासून घ्या.

करवीर_दफ्तर
दत्तकाबद्दल. आपल्या कोल्हापूर गादीचे संभाजी महाराज 1760 साली निपुत्रिक वारले, जिजाबाईंनी 1762 साली दत्तक घेतला आणि गादी अखंड राहिली. पुढं 1884 साली कागलकर घाटग्यांच्या घरातून शाहू महाराज आले तेही याच वाटेनं. तिकडच्या सरंजामी कायद्यात दत्तकाला वारसाच नव्हता, रक्तच लागायचं. मुलगा असेल तर थोरल्याला सगळं. नसेल तर मुलींत जमिनीचे समान वाटे.

म्हणून ॲलन 1234 साली वारल्यावर गॅलोवेचे तीन वाटे झाले: हेलन, ख्रिस्तिना, डर्व्होर्गिला. ॲलनचा अनौरस मुलगा थॉमस होता. गॅलोवेच्या लोकांना वाटणी नको होती, तोच धनी हवा होता, त्यासाठी बंडही झालं. राजा दुसऱ्या अलेक्झांडरनं ते मोडलं. थॉमस बेलिअलांच्या कैदेत पडला आणि सुटला थेट 1296 साली. बहिणीचं सगळं आयुष्य सरलं, तोवर हा आतच.

तक्त्यावर हेलन जपून मांडा. ती ॲलनच्या आधीच्या बायकोची. गॅलोवेत तिला वाटा आहे, पण डेव्हिडचं रक्त नाही, म्हणून स्कॉटलंडच्या गादीशी तिचा संबंध नाही. ख्रिस्तिना 1246 साली निपुत्रिक गेली आणि डर्व्होर्गिलाचा वाटा वाढला. त्याआधी 1237 साली मामा, म्हणजे डेव्हिडचा मुलगा जॉन, बिनवारस वारला. त्याच्या हंटिंग्डनकडच्या इस्टेटीतूनही तिला हिस्सा आला. नवऱ्यामागे विधवेला त्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळायचा, तोही हयातीपुरता. बाई श्रीमंत होती ती माहेरच्या आणि आजोळच्या जमिनीवर.

वाचनकट्टा_कोल्हापूर
हेलन आम्ही मार्गारेटखालीच लिहिली होती, खोडली. पण तिघीही डेव्हिडच्या मुली आणि वाटे समान, तर राज्याचे तीन तुकडे का नाही झाले?

मोडी_वाचक
हेस्टिंग्जची मागणी नेमकी हीच होती. उत्तर मिळालं, राज्य वाटून देता येत नाही. ब्रूसनं तर कमालच केली: आधी अख्खं राज्य मागितलं, ते हातचं जातंय दिसल्यावर ‘मग वाटणी करा’ म्हणून हेस्टिंग्जच्या बाजूला गेला.

खरा वाद पिढ्यांचा होता. डेव्हिड हा ब्रूसचा आजोबा आणि जॉन बेलिअलचा पणजोबा. ब्रूस म्हणे, मी एक पिढी जवळ. बेलिअल म्हणे, मी थोरल्या पातीचा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डपुढे 104 पंच बसले: 40 बेलिअलचे, 40 ब्रूसचे, 24 एडवर्डचे. निकाल 17 नोव्हेंबर 1292, बेरिकला. थोरली पात जिंकली.

आता तक्त्यावर ओळ 3 बघा. डर्व्होर्गिला आणि दावेदार ब्रूस शेजारी-शेजारी आहेत. लहानगी मार्गारेट गेली तेव्हा डर्व्होर्गिला जाऊन आठ महिनेच झाले होते. ती असती तर ‘एक पिढी जवळ’ हा मुद्दाच उरला नसता. ब्रूसकडे राहिलं असतं फक्त ‘मी पुरुष’. माझ्या मते तक्त्यात लाल शाईनं काही लिहायचं तर या दोन तारखा.

पंचगंगा_घाट
भावा, ओळ 5 पण लाल कर. तांबडा कोमिन म्हणजे डर्व्होर्गिलाच्या मुलीचा मुलगा, आणि राजा रॉबर्ट म्हणजे तिच्या मावसभावाचा नातू. दोघांचा खापरपणजोबा एकच. 10 फेब्रुवारी 1306 ला डमफ्रीजच्या ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये रॉबर्टनं कोमिनला भोसकलं. तो मठ डर्व्होर्गिलानंच उभारला असं मानतात. म्हणजे आजीच्या देणगीच्या दारात नातवाचा खून.

शक_सनावळी
दोन दुरुस्त्या लोक हमखास विसरतात. डमफ्रीजचा ‘डर्व्होर्गिला पूल’ फोटोत लावणार असाल तर आजचा दगडी पूल 15व्या शतकातला आहे. तिचं फक्त नाव. आणि आयर्लंडमध्ये याच नावाची, ब्रेफनेच्या राजाची बायको होती, ती 1193 साली वारली. ती वेगळी.

करवीर_दफ्तर
हृदयाची गोष्ट कुणीतरी विचारेलच. नवऱ्याचं हृदय मसाले भरून हस्तिदंती पेटीत ठेवलं, ती मेल्यावर ते तिच्यासोबत पुरलं. जागा तिनंच 1273 साली डमफ्रीजजवळ वसवलेला सिस्टर्शियन (ख्रिस्ती साधूंचा एक पंथ) मठ. डन्ड्रेननचा मठ जुना, म्हणून हा ‘नवा मठ’. ‘डुल्से कोर’, गोड हृदय, हे नाव त्या पेटीवरून.

पण चित्र एकच लावणार असाल तर पेटीचं नको, तिच्या शिक्क्याचं लावा. 1282 साली तिनं ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजला नियम घालून दिले, त्या कागदाला तो आहे. शिक्क्यावर ती उभी आहे. एका हातात सासरची बेलिअलांची ढाल, दुसऱ्या हातात माहेरचा गॅलोवेचा सिंह.

वाचनकट्टा_कोल्हापूर
शिक्काच लावतो. शीट आडवी करून नव्यानं आखायला घेतली आहे. विल्यमच्या रकान्याखाली जागा उरते, तिथं तारखांची चौकट टाकतो.

मोडी_वाचक
तिथं नको, तो रकाना पाचव्या ओळीपर्यंत भरलेला आहे. जागा एडाच्या रकान्याखाली उरते, उजव्या कोपऱ्यात.