विनाबॅटरी स्नोमोबाईलवर जीपीएस: वीज थेट स्टेटरवरून घ्यावी का?

रानवाटा

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटा आणि कॅनडातल्या ऑन्टारिओच्या बर्फाळ भागात आजही अशा अनेक जुन्या स्नोमोबाईल (बर्फावरून चालणाऱ्या गाड्या) धावतात, ज्यांत मुळातच बॅटरी नसते. दोरी ओढली की इंजिन सुरू होते, फ्लायव्हीलमधली (इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकातली) चुंबके स्टेटरच्या, म्हणजे जागच्या जागी बसवलेल्या, तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरू लागतात आणि तिथे तयार होणाऱ्या विजेवर ठिणगी, हेडलाइट आणि हँडल गरम ठेवणाऱ्या तारा हे सगळे चालते. अशा गाडीवर जीपीएस लावायचे म्हटले की जाणकार मंडळी हमखास ‘आधी एक बॅटरी बसवून घ्या’ असे सांगतात. मला हा सल्ला अनावश्यक वाटतो.

दिव्यांच्या तारांत येणारी वीज एसी (दिशा सतत बदलणारी) असते आणि रेग्युलेटर ती साधारण १३–१४ व्होल्टच्या आसपास रोखून धरतो. जीपीएसला डीसी (एकाच दिशेने वाहणारी) लागते. म्हणजे मध्ये एसीची डीसी करणारा रेक्टिफायर, त्यापुढे थोडी वीज साठवून दाब स्थिर ठेवणारा कपॅसिटर आणि एक लहान फ्यूज, एवढेच काम उरते. यंत्र ०.३ अँपिअर घेते असे धरले तरी हा भार ४ वॅटच्या आसपास जातो, तर जुन्या हेडलाइटचा एक बल्बच ५५–६० वॅट घेतो, त्यामुळे स्टेटरला हा भार जाणवणारही नाही. शिवाय बॅटरी भरायची तरी डीसीच लागते, म्हणजे रेक्टिफायर काही टळत नाही. वर बॅटरीचे वजन, तिची पेटी आणि उन्हाळाभर पडून राहिल्यावर उतरलेला चार्ज सांभाळायचा, हे वेगळेच. पूर्ण उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागते, आणि या प्रदेशात ते तापमान फार थंड मानले जात नाही.

उत्पादकांनाही बॅटरी टाळावीशी वाटते. स्की-डू या स्नोमोबाईल ब्रँडने २०१८ च्या मॉडेलांपासून आणलेल्या ‘शॉट’ प्रणालीत बटणाने इंजिन पुन्हा सुरू करण्याची वीज बॅटरीत नव्हे, अल्ट्राकपॅसिटरमध्ये साठवली जाते.

हिमरेषा

रानवाटा, तुमचे गणित इंजिन चालू असेपर्यंतच बरोबर आहे, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. लेक ऑफ द वुड्स या सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावरून पलीकडच्या नॉर्थवेस्ट अँगल या मिनेसोटाच्या भागाकडे जाताना वारा सुटला आणि उडणाऱ्या बर्फात वाटेवरचे खुणेचे खांब दिसेनासे झाले, की जीपीएसची सर्वाधिक गरज भासते. आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरून किंवा पट्टा तुटून गाडी बंद पडण्याचा संभव असतो तोही अशाच हवेत. तुमच्या जोडणीत इंजिन थांबले की पडदा काळा होतो.

कपॅसिटर तेवढा वेळ निभावून नेईल, असा समज पुष्कळांचा असतो. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १० व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत ०.३ अँपिअरच्या भाराला जेमतेम ०.०६ सेकंद पुरतो. पूर्ण १ फॅरड लावला तरी १३ सेकंद मिळतात. त्याऐवजी १२ व्होल्ट, १.२ अँपिअर-तासांची लहान सीलबंद बॅटरी कागदोपत्री चार तास चालते. थंडीने तिची क्षमता निम्म्यावर आली तरी दोन तास हातात राहतात. अर्ध्या किलोहून थोड्या जास्त वजनासाठी मी ही सुरक्षितता सोडणार नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, इंजिन मंद गतीवर असताना जुन्या गाड्यांचा हेडलाइट मंदावतो हे सर्वांनी पाहिले आहे. त्याच क्षणी जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होत राहिले, तर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

तारयंत्री

बॅटरी असावी की नसावी याच्या आधी जोडणीविषयी लिहिणे मला जास्त निकडीचे वाटते, कारण यातली एक चूक दोन्ही मतांच्या लोकांची यंत्रे जाळू शकते.

अनेक जुन्या गाड्यांत दिव्यांच्या वेटोळ्याचे एक टोक थेट चॅसिसला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेले असते. तिथे रेक्टिफायर म्हणून चार डायोडांचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) ब्रिज लावून त्याचे ऋण टोकही चॅसिसला जोडले, तर प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात वेटोळे एकाच डायोडमधून शॉर्ट होते आणि तो डायोड जळतो. ही जोडणी कोणी मुद्दाम करत नाही, ती नकळत होते: जीपीएसचा धातूचा स्टँड हँडलला घट्ट बसवलेला असतो, त्याचे किंवा बाहेरच्या अँटेनाचे आवरण आतून ऋण टोकाला जोडलेले असते, आणि मंडल हँडलमधून पूर्ण होते. यावर दोनच उपाय आहेत. एक तर ब्रिज वापरून त्याची दोन्ही डीसी टोके चॅसिसपासून पूर्णपणे अलग ठेवावीत, किंवा एकच डायोड वापरून ऋण बाजू चॅसिसवर घ्यावी. दुसऱ्या पद्धतीत अर्धे आवर्तन वाया जाते, पण इतक्या लहान भाराला ते चालते. मंद गतीत इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल आणि स्टेटर एका फेऱ्यात ६ आवर्तने देत असेल, तर सेकंदाला १५० आवर्तने होतात, आणि ०.३ अँपिअरच्या भारावर दाबातला चढउतार १ व्होल्टच्या आत ठेवायला सुमारे २००० मायक्रोफॅरड लागतात. ४७०० घेतला की भरपूर झाले.

मात्र तो कपॅसिटर ५० व्होल्टचा आणि उणे ४० अंशांपर्यंत चालणारा असावा. रेग्युलेटर निकामी झाला, तर वेगात स्टेटरचा दाब कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून यंत्राच्या आधी दाब रोखणारा डायोडही बसवावा. आणि मंद गतीवर यंत्र बंद पडण्याचा हिमरेषा यांचा मुद्दा खरा असला, तरी त्यासाठी बॅटरी हाच एक उपाय नाही: ८ व्होल्टपासूनही स्थिर ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर मध्ये घातला, तर ५ व्होल्टवर चालणारे यंत्र हेडलाइट मंदावला तरी चालू राहते.

रानवाटा

तारयंत्री यांनी चॅसिसचा मुद्दा मांडला ते फार बरे झाले. पुढे कोणी ही जोडणी करणार असेल, तर त्याने पहिली तार कापण्याआधी गाडी बंद ठेवून दिव्याच्या दोन्ही तारा आणि चॅसिस यांच्यात वीज जायला मार्ग आहे का, याची मल्टिमीटरने तपासणी करावी, अशी माझी विनंती आहे. बल्ब आणि इतर भार सुटे केल्याशिवाय ही तपासणी करू नये, नाहीतर बल्बमधूनच मार्ग दिसेल आणि निष्कर्ष चुकेल.

हिमरेषा, इंजिन बंद पडल्यावरची भीती मी हलकी मानत नाही. पण त्या परिस्थितीत माणूस गाडीपाशीच थांबेल असे तुम्ही गृहीत धरले आहे. किनाऱ्यावरची खोपी जवळ असेल तर तो चालत निघेल, आणि गाडीला बोल्टने बसवलेली बॅटरी त्याच्यासोबत जाणार नाही. म्हणून मी हातात धरायचे, दोन एए सेलांवर चालणारे जीपीएस वापरावे असे म्हणतो. गाडी चालू असताना ते बाहेरच्या विजेवर चालेल आणि वीज तुटली की आपोआप सेलांवर जाईल. त्यात पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेल घालावेत. ते उणे ४० अंशांपर्यंत काम देतात, त्यामुळे अशा थंडीत अल्कलाइन सेल आणि लिथियम सेल यांची तुलनाच होऊ शकत नाही.

हिमरेषा

एए सेलांच्या यंत्रापुरते मला तुमचे म्हणणे मान्य आहे. पण मोठ्या पडद्याची जी यंत्रे लोक हौसेने गाडीवर लावतात, त्यांतल्या अनेकांत आत लिथियम-आयन बॅटरी असते, आणि शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची खराब होते. त्यापासून वाचण्यासाठी काही यंत्रे थंडीत चार्जिंगच बंद ठेवतात, म्हणजे गरजेच्या वेळी ती रिकामी सापडू शकतात. अशा यंत्राला स्टेटरची वीज थेट देण्यापेक्षा मध्ये लेड-अ‍ॅसिड बॅटरी असणे मी आजही योग्य मानतो. उन्हाळ्यात ती काढून घरात चार्जरवर ठेवावी लागते, हा त्रास मी पत्करतो.