गेममधला वर्णभेद आणि ६० मिनिटांचा पॉडकास्ट: चर्चा यादीतच अडकते

जॉयस्टिक
दोन सूत्रधार, एक पाहुणी, ६० मिनिटं, फक्त ऑडिओ. विषय: व्हिडिओ गेम वर्ण आणि वंश कसे हाताळतात. कच्ची चर्चा रेकॉर्ड करून ऐकली, तर पहिली वीस मिनिटं ‘यात कृष्णवर्णीय नायक आहे, त्यात नाही’ एवढ्यातच संपतात. मग कुणीतरी ‘तो काळच तसा होता’ म्हणतं आणि उरलेला वेळ त्या हुज्जतीत जातो. कोणते गेम घ्यावेत, किती घ्यावेत? वर्णद्वेषी शिव्या असलेल्या संवादांच्या क्लिप वापराव्यात का? पाहुणी कृष्णवर्णीय आहे, गेमसाठी कथालेखन करते.

पिक्सेलपंडित
दोनच गेम घ्या, फार तर तीन. दहा घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि पाच मिनिटांत यादीच होते.

आणि नायक कोण यापासून सुरुवातच करू नका. खेळाडूने काही केलं की गेम त्याला काय उत्तर देतो, ते सांगा. ‘माफिया ३’ (२०१६) घ्या. साल १९६८, न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं न्यू बोर्दो शहर, नायक लिंकन क्ले. श्रीमंत गोऱ्या वस्तीत गुन्हा केला तर पोलीस झटपट येतात. गरीब कृष्णवर्णीय वस्तीत त्याच गुन्ह्यासाठी रमतगमत. काही दुकानांत लिंकन नुसता शिरला तरी त्याला बाहेर व्हायला सांगतात, रेंगाळला तर पोलिसांना फोन जातो. इथे भेदभाव फक्त संवादात नाही, पोलिसांच्या प्रतिसादाच्या गणितातच बसवलाय. श्रोत्याला स्क्रीन दिसत नसली तरी हा नियम दोन वाक्यांत कळतो.

त्याच्यासमोर ‘फ्रीडम क्राय’ ठेवा, ‘असॅसिन्स क्रीड ४’ची २०१३ ची डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडलेला जादा भाग. नायक अडेवाले, जागा हैतीतलं पोर्त-ओ-प्रँस. मुक्त केलेल्या गुलामांची संख्या मोजली जाते आणि त्या आकड्यावर अपग्रेड उघडतात. सुटकेचे प्रसंगही नकाशावर पुन्हा पुन्हा उगवतात. थोड्याच वेळात खेळाडू माणसं सोडवायचं विसरतो आणि आकडा भरू लागतो. पण मळ्यावर धोक्याची घंटा वाजली की पहारेकरी गुलामांनाच मारायला सुरुवात करतात, तिथे तोच आकडा टोचतो. एकाच गेममधला एक नियम विषयाची धार घालवतो आणि दुसरा ती परत आणतो. यावर वीस मिनिटं सहज जातात, कारण चांगला-वाईट असा शिक्का मारून कुणाला मोकळं होता येत नाही.

नकाशावाला
‘काळच तसा होता’ला उत्तर एकच: नोंदी काढा, आणि नोंद कुठे संपते व अर्थ कुठे सुरू होतो ते बोलताना वेगळं ठेवा.

‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मधला (२०२५) यासुके घ्या. १५७९ मध्ये जेझुइट धर्मप्रसारक अलेस्सांद्रो वालिन्यानोबरोबर तो जपानात आला, १५८१ मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाच्या पदरी गेला आणि १५८२ मध्ये होन्नो-जी मंदिरात नोबुनागावर हल्ला झाला तोपर्यंत तिथे होता. त्या काळच्या एका रोजनिशीत त्याची उंची ६ शाकू २ सुन, म्हणजे सुमारे १८८ सेंमी, अशी दिलीय. नोबुनागाच्या चरित्राच्या एका हस्तलिखितात त्याला घर आणि छोटी तलवार दिल्याचा उल्लेख आहे. ही झाली नोंद. त्याला सामुराई म्हणायचं का, हा अर्थ. त्यावर खुशाल वाद घाला. ‘असा माणूस नव्हताच’ हे मात्र धादांत चूक.

‘किंगडम कम’च्या पहिल्या भागावर (२०१८) सगळी पात्रं गोरी असल्याची टीका झाली, दुसऱ्यात (२०२५) मालीहून आलेला मूसा आहे. दोन्ही १४०३ च्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात घडतात. इथे ‘तेव्हा तिथे कोण होतं’ यापेक्षा खोचक प्रश्न वेगळा आहे: दारूची बाटली रिचवली की गेम सेव्ह होतो, तिथे ऐतिहासिक अचूकता कुठे सोडली आणि कुठे ताणून धरली?

उलटतपासणी
पिक्सेलपंडित, तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. ‘रेसिडेंट इव्हिल ४’ (२००५) स्पेनच्या खेड्यात घडतो, ‘५’ (२००९) आफ्रिकेतल्या किजुजु या काल्पनिक भागात. दोन्हीकडे संसर्ग झालेले गावकरी झुंडीनं अंगावर येतात आणि आपण गोळ्या घालतो. नियम जवळपास तेच. तरी ‘५’चा २००७ चा ट्रेलर आल्यावर टीका झाली, कारण बंदूकधारी गोरा माणूस आणि आफ्रिकन जमाव या दृश्यामागे वसाहतकाळातल्या चित्रांची मोठी परंपरा आहे. स्पॅनिश गावकऱ्यांमागे ती नाही. नायकाची आफ्रिकन साथीदार शेवा आलोमार सोबतीला आहे म्हणून दलदलीतले गवती पेहरावातले भालेवाले वेगळे दिसू लागत नाहीत. नियमांचीच तपासणी केलीत तर हे सगळं हातातून निसटेल. तिसरा गेम घेणार असाल तर हाच घ्या.

मिक्सरवर_बोट
क्लिप २० ते ३० सेकंदांच्या ठेवा. आधी कोण कुठे उभं आहे ते एका वाक्यात सांगा, नाहीतर श्रोत्याला नुसता गोंधळ ऐकू येतो. गेमच्या सेटिंगमध्ये संगीत शून्य करूनच क्लिप घ्या. ‘माफिया ३’मध्ये गाडीचा रेडिओ आधी बंद करा, त्यावरची खरी गाणी हक्कांच्या दाव्यात हमखास सापडतात.

शिव्यांचं धोरण रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. शिवी असलेली क्लिप तिच्याशिवाय समजत असेल तर ती शिवी कापा. समजत नसेल तर क्लिप ठेवा, सुरुवातीला सूचना द्या, पण सूत्रधारांनी ती उच्चारायची नाही. बीप टाकलात तर १ किलोहर्ट्झचा सूर बोलण्यापेक्षा ६ ते १० डेसिबल खाली ठेवा, नाहीतर तो कानाला टोचतो. लिखित प्रतीत तीच शिवी पूर्ण छापली जाणार नाही हेही बघा; आपोआप तयार होणारा मजकूर बीप नसलेल्या ट्रॅकवरून निघाला की हा घोळ होतो.

तिघांनी आपापल्याकडे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये रेकॉर्ड करा. ट्रॅक नंतर जुळवता यावेत म्हणून टाळी वाजवा, सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा. तासाभरात ट्रॅक एकमेकांपासून सरकतात आणि कोण कुणाचं बोलणं तोडतंय तेच बदलून जातं; या विषयात ते फार महागात पडेल. तयार भागाची आवाजाची पातळी स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एकक), मोनोला उणे १९.

जॉयस्टिक
‘माफिया ३’, ‘फ्रीडम क्राय’ आणि ‘रेसिडेंट इव्हिल ५’ नक्की. दोन शंका राहिल्या. पाहुणीला पहिला प्रश्न काय विचारावा? आणि तिला गेममध्ये सावळ्या-काळ्या त्वचेवर प्रकाश कसा पडतो यावर बोलायचंय, ते ऑडिओत जमेल?

पिक्सेलपंडित
उलटतपासणी, मान्य. नियम तोच ठेवून चित्र बदललं की काय होतं, हे त्याहून नेमकं दुसऱ्या जोडीत दिसणार नाही.

पाहुणी लेखिका आहे, तर लेखनावर विचारा. ‘तुम्हा लोकांना काय वाटतं’ या थाटाचा प्रश्न आला की ती संपूर्ण समाजाची वकील होऊन बसते आणि तिचं कसब बाजूला राहतं. ‘वॉच डॉग्स २’मध्ये (२०१६) मार्कस आणि होरेशिओ ही दोन कृष्णवर्णीय पात्रं नडल या काल्पनिक टेक कंपनीत फिरताना तिथे आपल्यासारखे किती थोडे आहेत यावर बोलतात. तो संवाद आधी पाठवा आणि विचारा: हे दोघंच असताना बोलतात, तिसरा आला तर एकही ओळ टिकेल का? क्लिपची यादी आणि प्रश्नही दोन-तीन दिवस आधी द्या, नको असलेलं काढायची मुभा तिला असू द्या.

शेडरवाला
जमेल, कारण बरंचसं कारण आकड्यांत सांगता येतं. त्वचेच्या पृष्ठभागावरून थेट परतणारा प्रकाश सगळ्या वर्णांत जवळपास सारखाच असतो, प्रकाश समोरून सरळ पडला तर सुमारे ३ टक्के. फरक पडतो तो आत शिरून विखुरणाऱ्या प्रकाशात. गडद त्वचेत हा भाग कमी, म्हणून चेहऱ्याची ठेवण मुख्यतः चमकेतून कळते. फिक्या त्वचेसाठी बेतलेला पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि सावल्या उजळणारा मंद भरप्रकाश तसाच ठेवला की चमक पसरते, चेहरा राखाडी आणि सपाट दिसतो. मग कुणीतरी नुसता मूळ रंग उजळतं आणि तो आणखीच राखेसारखा होतो. ‘सिम्स ४’ने डिसेंबर २०२० मध्ये १०० हून अधिक नवे त्वचारंग दिले, आधीच्या गडद छटांवर खेळाडूंची तक्रार याच धर्तीची होती. पाहुणीकडून एकाच पात्राची चार वर्णनं घ्या: भर ऊन, ढगाळ, पिवळा दिवा, चांदणं. कुठल्या प्रकाशात डोळे-नाक हरवतात ते ती सांगेल, आणि त्या चार चित्रांचे दुवे भागाच्या माहितीत टाका.