'रूपांतर' की 'माध्यमांतर'? सिरीयलचा पिक्चर होतो तेव्हा नक्की काय म्हणायचं

मूळ धागा:
मंडळी, जरा मदत पाहिजे. सोलापुरात आमचा छोटा सिनेमावाल्यांचा ग्रुप आहे, अधूनमधून जमतो, एखादा पिक्चर बघतो आणि नंतर चहावर भांडतो. यावेळचा विषय म्हणजे टीव्हीवरच्या साय-फाय सिरीयली आणि त्यांचे मोठ्या पडद्यावर आलेले सिनेमे. पत्रक मराठीत काढायचं ठरलं आणि तिथंच गाडी अडली. मी लिहिलं 'विज्ञानमालिकांचे चित्रपट रूपांतर', तर एकजण म्हणतो रूपांतर नव्हे माध्यमांतर, आणि ग्रुपमधल्या एक ताई म्हणतात की 'विज्ञानमालिका' वाचून लोक वही-पेन घेऊन येतील, त्यांना वाटेल दुर्बिणीवर व्याख्यान आहे. ताईंचं पटलं, ते 'विज्ञानकथा मालिका' केलं. पण दुसऱ्या शब्दाचं काय करू? उद्या संध्याकाळी छापायला द्यायचंय.

प्रतिसाद:
माध्यमांतर. यात चर्चा कसली? भाषा बदलली की भाषांतर, माध्यम बदललं की माध्यमांतर. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक, २०१५ ला त्याचा चित्रपट आला, झालं माध्यमांतर.

प्रतिसाद:
सर, इतकं सोपं नाहीये ते. मराठीत 'रूपांतर' शब्दाला नाटकवाल्यांनी एक पक्का अर्थ देऊन ठेवलाय, परकी गोष्ट घ्यायची आणि तिचं गाव, माणसं, बोली सगळं बदलून आपलं करून टाकायचं. 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' झाली ते रूपांतर. आता हाच निकष सिरीयलींना लावून बघा. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' वरून १९६५ मध्ये पीटर कुशिंगला घेऊन सिनेमा काढला. मालिकेतला डॉक्टर परग्रहावरचा, त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही, आणि सिनेमात तो चक्क साधा माणूस, घरामागे यंत्र बनवणारा म्हातारा संशोधक, आणि 'हू' हे त्याचं आडनाव! मालिका काळीपांढरी, सिनेमा रंगीत, सात भागांची गोष्ट दीड तासाच्या आत उरकलेली. इथं नुसतं माध्यम बदललं म्हणणं म्हणजे फार कमी सांगितल्यासारखं होतं, माणूसच बदलला ना. ह्याला मी रूपांतर म्हणेन.

प्रतिसाद:
मग 'सेरेनिटी'ला काय म्हणणार? 'फायरफ्लाय' २००२ ला आली, चौदा भाग बनले त्यातले अकराच दाखवले आणि चॅनलने बंद केली, मग २००५ मध्ये त्याच लेखकाने त्याच नऊ जणांना घेऊन पुढची गोष्ट सिनेमात सांगितली. जुनं काही परत सांगितलेलंच नाही, तर रूपांतर कशाचं आणि माध्यमांतर तरी कशाचं? एक्स फाइल्सचा १९९८ चा पिक्चर तर पाचव्या आणि सहाव्या सीझनच्या मधे बसवलेला, म्हणजे सिरीयल चालूच, मधला एक तुकडा थिएटरात जाऊन बघायचा. तेव्हा केबलवर थोडीफार एक्स फाइल्स बघितली होती, पण तो पिक्चर मी मधूनच बघितला आणि डोक्याला नुसता शॉट लागला होता.

प्रतिसाद:
अहो तुम्ही सगळे नाम शोधत बसलाय, मराठीत हे काम प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययंच करतात की. बोलताना आपण काय म्हणतो ते ऐका. 'मालिकेचा पिक्चर केला', म्हणजे तोच माल दुसऱ्या डब्यात. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' १९७८ ची, तिचा सुरुवातीचा तीन तासांचा भाग कापून दोन तासांवर आणला आणि कॅनडात थेटरात लावला, तेसुद्धा अमेरिकेत टीव्हीवर यायच्या आधी, तो खरा मालिकेचा पिक्चर. 'मालिकेवरून पिक्चर काढला' म्हणजे मूळ तिथलं पण हात नवा फिरलाय, वर सरांनी सांगितलेला कुशिंगवाला त्यात बसतो. आणि 'मालिकेच्या पुढचा पिक्चर' म्हटलं की झालं सेरेनिटीचं काम. -चा, -वरून, पुढचा. तीन गोष्टी तिन्ही वेगळ्या आणि कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. 'माध्यमांतर' हा चांगला शब्द आहे पण तो या तिन्हींवर एकच झाकण घालतो.

प्रतिसाद:
हे आवडलं. एक भर घालतो, 'बेतलेला' विसरू नका. बेतणं हे शिंप्याचं काम, अंगाचं माप बघून हातातलं कापड कापायचं. सिनेमाला दोन अडीच तासच मिळतात, त्यामुळे मालिकेतलं काय ठेवायचं आणि काय कातरायचं हाच सगळा खेळ, तो या शब्दात आपसूक येतो. फक्त एक बघा, 'मालिकेवर बेतला' आणि 'जिवावर बेतला' यात क्रियापद एकच आहे, आणि काही पिक्चर बघून दोन्ही खरं वाटतं 😄 १९९८ चा 'लॉस्ट इन स्पेस' आठवा. नका आठवू खरं तर.

प्रतिसाद:
स्टार ट्रेक कुणीच काढलं नाही अजून? आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं, इंग्रजी निम्मं कळायचं नाही तरी गल्लीतली पोरं टीव्हीसमोर. त्याची केस वरच्या तिन्हीत बसत नाही बघा. मूळ मालिका १९६६ ते ६९. मग १९७७ मध्ये नवी मालिका करायची तयारी झाली, तिच्या पहिल्या भागाची गोष्ट लिहिली, आणि ती मालिका रद्द करून तीच गोष्ट फुगवून १९७९ चा सिनेमा केला. म्हणजे जी मालिका झालीच नाही तिचा पिक्चर! दोन तासांच्या वर आहे, आणि त्यात यान बाहेरून दाखवण्यातच इतका वेळ जातो की भाग लांबवलाय हे कळतं. उलट १९८२ च्या 'रॅथ ऑफ खान'ने १९६७ च्या एका भागातला खलनायक उचलला आणि पंधरा वर्षांनी तो परत कसा येईल एवढंच धरलं, म्हणून तो पिक्चर ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांनाही लागू पडतो. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग हा. पण त्याला शब्द काय? 'एका भागावरून'?

प्रतिसाद:
'भागाच्या पुढचा'. बसतंय की.
बाय द वे आमच्या घरी तेलुगू बोलतात, तिकडे ह्या प्रकाराला 'अनुसरण' पण म्हणतात. मराठीत तसं लिहिलंत तर लोक विचारतील कुणाचं अनुसरण, कोणते महाराज. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू घरांत पत्रक वाटणार असाल तर मात्र चालून जाईल.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. 'रूपांतर' काढलं. मथळा आता 'विज्ञानकथा मालिकांवरून आलेले चित्रपट', आणि आत प्रत्येक पिक्चरपुढे 'मालिकेचा', 'मालिकेवरून' नाहीतर 'मालिकेच्या पुढचा' असं कंसात टाकतोय. माध्यमांतरवाले सर रागावू नका, तुमचा शब्द प्रास्ताविकात आहे, कट्यारचं उदाहरणही घेतलंय.
एकच राहिलं. २००९ चा स्टार ट्रेक, तीच नावं, तेच यान, पण नट सगळे नवे (जुन्या मालिकेत स्पॉक हे पात्र करणारा एक नट सोडला तर) आणि काळाचा फाटाच वेगळा काढलेला. हा कुठल्या कंसात?

प्रतिसाद:
त्याला रीबूट म्हणा बे, सगळ्यांना कळतं. उगाच 'पुनरारंभ' छापू नका, शाळा सुरू झाल्यासारखं वाटतं.