कॅनडातलं मत आणि कॅनडातल्या बातम्या: तुमचा अनुभव लिहा

कॅनडाच्या संसदेच्या 28 एप्रिल 2025च्या निवडणुकीत मी कार्लटन मतदारसंघातल्या एका केंद्रावर काम केलं. ऑटवाच्या दक्षिणेचा हा भाग, अर्धी शेती आणि अर्धी नवी वस्ती. विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह 2004पासून याच भागातून निवडून येत होते. या वेळी मतपत्रिकेवर 91 नावं होती. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, ही पद्धत मान्य नसलेल्या एका गटाने निषेध म्हणून उमेदवारांची रीघ लावली होती.

मतपत्रिका जवळपास मीटरभर लांब. एक आजी ती घेऊन आडोशाला गेल्या आणि तिथूनच विचारलं, "नावं कशी लावलीत?" म्हटलं, आडनावाप्रमाणे, एबीसीडीने. बराच वेळ कागदाची सळसळ ऐकू येत होती. बाहेर आल्या तेव्हा घडी चुकली होती, ती त्यांनी परत उलगडून नीट घातली. मी नंबराची पट्टी फाडली आणि मतपत्रिका त्यांच्याच हातात दिली. पेटीत ती मतदारानेच टाकायची असते. एवढ्या जाड घड्यांनी पेट्या भराभर भरत होत्या.

इथे यंत्र नाही. पेन्सिलीने खूण करायची आणि रात्री एकेक कागद पक्षांच्या प्रतिनिधींसमोर धरून मोजायचा. कार्लटनमध्ये आगाऊ मतांची मोजणी केंद्रं बंद व्हायच्या सहा तास आधीच सुरू करावी लागली. पॉलिएव्ह हरले आणि लिबरल पक्षाचे ब्रूस फॅनजॉय जिंकले, हे नक्की कळेपर्यंत पहाट झाली. कोण जिंकलं हा माझा विषय नाही. एवढी मोठी घटना आणि तिचा निकाल माणसांच्या बोटांतून कागद सरकत सरकत लागला, याने मी अजून भारावलेलो आहे.

कॅनडाचं राजकारण किंवा इथल्या बातम्या थेट तुमच्या घरात शिरल्या असतील, तर तो प्रसंग लिहा. पक्षाची वकिली नको. जे पाहिलंत, भोगलंत तेवढंच.

यलोनाईफ

16 ऑगस्ट 2023 हा दिवस मी विसरणार नाही. वणवा शहराकडे सरकत होता आणि संध्याकाळी सगळं गाव रिकामं करायचा हुकूम आला. जवळजवळ 20,000 माणसं आणि दक्षिणेला जायला रस्ता एकच, हायवे 3. दोन आठवड्यांपूर्वीच फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून कॅनडातल्या बातम्या गायब झाल्या होत्या. ज्या गटात आम्ही रोज एकमेकांना बातम्या पाठवायचो, तिथे बातमीची लिंक टाकताच येत नव्हती. मग लोक बातमीच्या पानाचा फोटो काढून तो टाकायला लागले. फोटोवर वेळ नसायची. "हायवे 3 चालू आहे" हे वाचायचं, पण ते सकाळचं की आत्ताचं, कसं ओळखणार?

शेवटी नवऱ्याने गाडीत रेडिओ लावला आणि मी फोनवर कॅबिन रेडिओ या स्थानिक बातम्या देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ नाव टाईप करून उघडलं. तिथे दर बातमीला वेळ होती. मुलगी मागच्या सीटवर मांजराचा पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती, बाहेर दिवसाढवळ्या नारिंगी अंधार. मॅकेंझी नदीवरचा देह चो पूल ओलांडला आणि मी सांगलीला आईला फोन केला. तिला टीव्हीवरून आमच्याआधी कळलं होतं! तीन आठवड्यांनी परत आलो, घर जागेवर होतं. आता वर्गणी भरून दोन स्थानिक बातमीपत्रं घेतो. दुसरा काही खर्च कमी करीन, हा नाही.

टोरंटो

यलोनाईफच्या ताईंनी लिहिलंय त्यामागचा कायदा म्हणजे सी-18. बातम्यांच्या लिंकसाठी मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना पैसे द्यावेत, असा तो जून 2023मध्ये मंजूर झाला. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने पैसे देण्याऐवजी बातम्याच काढल्या. गूगलने वर्षाला 10 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. माझ्या मते कायद्याचा हेतू रास्त होता, पण भुर्दंड छोट्या गावांच्या बातमीपत्रांना बसला. त्यांचे वाचक फेसबुकवरूनच यायचे.

विंडसर

आमच्या घरातून नदीपलीकडे डेट्रॉईटचे दिवे दिसतात. एप्रिल 2025च्या सुरुवातीला अमेरिकेने गाड्यांवर 25 टक्के आयातशुल्क लावलं आणि मी जिथे काम करतो तो कारखाना दोन आठवडे बंद राहिला. एकच सुटा भाग तयार होईपर्यंत पुलावरून कितीदा तरी ये-जा करतो, त्यावर दर वेळी कर कसा लावणार, याचा हिशेब जेवणाच्या सुट्टीत आम्ही रोज मांडायचो. प्रचारात सगळे "एल्बोज अप" म्हणत होते. कोपरं वर, हॉकीतली भाषा; म्हणजे अमेरिकेला टक्कर द्या. माझ्या शेजारच्या मशीनवरचे काका पंचवीस वर्षं त्याच लाईनवर आहेत, ते घोषणा ऐकून गप्प बसायचे. त्यांना फक्त सोमवारी गेट उघडणार का, एवढंच हवं होतं.

मॉन्ट्रियल

फ्रेंचमधली नेत्यांची चर्चा 16 एप्रिलला रात्री 8ला होती, ती 6ला आणली, कारण त्याच संध्याकाळी कॅनेडियन्स या इथल्या हॉकी संघाचा सामना होता. माझ्या फ्रेंचच्या वर्गात बाईंनी ती गृहपाठ म्हणून दिली होती. मला त्यात काही गैर वाटलं नाही. लोकांनी दोन्ही बघावं म्हणून वेळ बदलली.

कॅम्रोज, अल्बर्टा

कार्लटनच्या दादा, तुमचे पॉलिएव्ह पुढे आमच्याकडे उभे राहिले! 18 ऑगस्ट 2025च्या पोटनिवडणुकीत 214 उमेदवार. एवढी मतपत्रिका छापणंच अशक्य, म्हणून कोरी रेघ दिली आणि नाव हाताने लिहायला सांगितलं. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, कोण अभिप्रेत आहे ते कळलं पाहिजे. माझी ही कॅनडातली पहिली निवडणूक. घरी पाठकोऱ्या कागदावर चार वेळा नाव गिरवून गेले. हात थरथरत होता, पण एकही अक्षर चुकलं नाही.

ब्रॅम्प्टन

मी विद्यार्थी, म्हणजे मत नाही. पीआरवाल्यांनाही, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्यांनाही नसतं, फक्त नागरिकांना. जानेवारी 2024मध्ये सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली, तेव्हापासून घरभाडं असो की दवाखान्यातली रांग, चर्चेत आमचं नाव येतंच. तळघराच्या खोलीत बसून मी ते ऐकतो. त्या खोलीचं भाडंही मीच भरतो.

28 एप्रिलला वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण आंटींचा गुडघा दुखत होता, म्हणून मी त्यांना केंद्रावर सोडलं आणि पार्किंगमध्ये थांबलो. त्या वीस मिनिटांनी आल्या. पट्टा लावता लावता म्हणाल्या, "उमेदवार दारावर आला होता ना, त्याला तुम्हा मुलांबद्दल विचारलं होतं मी. नीट उत्तर दिलं नाही त्याने."