सापळ्यातील करडा पतंग कॉडलिंग मॉथच आहे का? मदत हवी आहे

बांधावरचा: मादीच्या कृत्रिम गंधाचे आमिष लावलेल्या कामगंध सापळ्याच्या चिकट तळावर लहान करडे पतंग अडकू लागले आहेत. ते कॉडलिंग मॉथ, म्हणजे सफरचंद पोखरणाऱ्या अळीचे पतंग, आहेत की नाहीत, एवढेच मला हवे आहे. फवारणीचा दिवस ठरवायचा असल्याने नेमके उत्तर द्यावे.

पानगळ: झाड कोणते, आमिष कोणत्या किडीचे आणि पतंगाची लांबी किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. ‘लहान करडे’ हे वर्णन या कुळातील असंख्य जातींना लागू पडते.

रातकिडा: कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. प्रकाश सापळा लावावा, म्हणजे माद्याही मिळतील. मी कित्येक वर्षे तोच वापरतो.

पानगळ: त्यात माद्यांबरोबर दिव्याकडे धावणारे इतर सारे कीटकही येतात आणि एकमेकांवर आपटून त्यांच्या पंखांवरील खवले झडतात. मग ओळख पटवायची कशावरून?

सदाहरित: त्यापेक्षा मादीचा कृत्रिम गंध बागभर सोडून नरांना चकवावे. मात्र अशा बागेत साध्या आमिषाचा सापळा जवळजवळ रिकामा राहतो, म्हणून त्यावरून कीड नाही असे समजू नये.

बांधावरचा: हे मी विचारलेलेच नाही. सफरचंद आणि पीच शेजारी शेजारी आहेत. कॉडलिंग मॉथ आणि पीचवरची कीड ओरिएंटल फ्रूट मॉथ या दोन्हींची आमिषे एकाच सापळ्यात आहेत, कारण दोन सापळे तपासत बसायला मला वेळ नाही. पतंग मिटल्या पंखांनी सुमारे ६ मिलिमीटर भरतो. सफरचंदातील अळी गुलाबी आहे, म्हणजे कॉडलिंगच ना?

पानगळ: गुलाबी रंग दोन्ही अळ्यांना येतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही, शिवाय ओरिएंटल फ्रूट मॉथ सफरचंदातही शिरतो. कॉडलिंगचा पतंग साधारण १० मिलिमीटरचा असून त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी तांब्यासारखा चकाकणारा पट्टा असतो. मोठ्या अळीचे शेपटाकडील टोक भिंगाखाली पाहावे: गुदद्वाराच्या वर काळसर कंगवा, म्हणजे कंगव्यासारख्या दात्यांची रांग, दिसली, तर ती कॉडलिंग नव्हे.

बांधावरचा: कंगवा आहे आणि पतंगावर पट्टा नाही. मग ओरिएंटल फ्रूट मॉथ असे धरून फवारतो.

कोषकार: तेवढ्यावर जात ठरत नाही. ग्राफोलिटा प्रजातीतील तिचे काही भाऊबंद त्याच आमिषाकडे येतात आणि त्यांच्या अळ्यांनाही कंगवा असतो. काही नर डिंकासकट कापून जाणकाराकडे द्यावेत. उदराचे टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननांगे तपासली, म्हणजे खात्री पटते.

रातकिडा: फवारणी थोडी मागेपुढे झाली, तर एवढे काय बिघडते?

कोषकार: अळी फळात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून अंडी फुटण्याची वेळ साधावी लागते. ती रोजच्या तापमानाच्या बेरजेवरून काढतात आणि त्या बेरजेचा पाया, म्हणजे ज्याच्या वरचेच तापमान मोजायचे तो अंश, कॉडलिंगसाठी १० अंश सेल्सिअस, तर ओरिएंटल फ्रूट मॉथसाठी ७.२ अंश धरतात. जात चुकली की तारीखही चुकते. दोन्ही आमिषे आजच वेगळ्या सापळ्यांत लावा आणि एकाचा गंध दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येकाला हात लावताना नवे हातमोजे घाला.