शब्दचर्चा : माणूस आणि जनावरातला ‘बॉन्ड’. बंध म्हणावं की लळा?

होटगी रोड

४ ऑक्टोबरला जागतिक प्राणी दिन. त्या दिवशी सोलापुरातल्या एका विशेष मुलांच्या शाळेत आम्ही तीन कुत्री घेऊन जाणार आहोत. पालकांना वाटायचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मजकूर आयएएचएआयओच्या व्याख्यांवर बेतलेला आहे. माणूस आणि प्राणी यांच्या संबंधांवर काम करणाऱ्या देशोदेशीच्या संस्थांची ही शिखर संघटना, १९९० साली स्थापन झालेली. रुग्णालयं, वृद्धाश्रम, शाळा इथे पाळीव प्राण्यांना नीट नियम घालून येऊ द्यावं, असं तिने १९९५च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात सगळ्या सरकारांना सांगितलं. पुढे २०१४ मध्ये व्याख्यांची श्वेतपत्रिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. प्राणी सोबत घेऊन केल्या जाणाऱ्या एकाच कामाला जागोजागी वेगळी नावं आणि एका नावाखाली वेगळी कामं चालली होती, तो गोंधळ मिटवायचा होता. म्हणजे त्यांचीही ही शब्दचर्चाच.

मी ‘मानव-प्राणी बंध’ असं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बंध म्हणजे दावं का गं?” तिथेच अडले आहे. काय लिहू?

माणदेशी

ताई, आईंचं बरोबर आहे. आमच्या सांगोल्याकडे बंध म्हटलं की दोरीच डोळ्यांपुढे येते.

मी आठवीत असताना वडिलांनी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल विकला. चौसा म्हणजे चार दात आलेला होता, कोसा रंगाचा. टॉवेलाखाली बोटं धरून सौदा झाला, पैसे मोजून झाले, मग वडिलांनी बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. घेणाऱ्यानं स्वतःचं नवं दावं आणलं होतं. आमच्यात जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. ते अजून गोठ्याच्या खुंटीला आहे.

पण बैल टेम्पोत चढेना. दोघं मागून रेटत होते, एक जण पुढून ओढत होता, तो पाय रोवून उभा. वडील परत गेले, पाठीवर हात ठेवला, तोंडानं नेहमीचं ‘च्यक्’ केलं आणि बैल आपणहून चढला. वडील गावी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दावं तर तेव्हा खांद्यावर होतं. जे राहिलं होतं त्याला आमच्यात लळा म्हणतात.

आणि बघा, बैलाला वडिलांचा लळा लागला होता, वडिलांना बैलाचा. वाक्य दोन्हीकडून उभं राहतं. ‘माया’चं तसं होत नाही. माया बहुतेकदा थोरल्यानं धाकट्यावर करायची असते.

निवृत्त शिक्षक

‘ऋणानुबंध’ का नको? भारदस्त आहे.

होटगी रोड

सर, शब्द मलाही आवडतो. पण त्यात मागच्या जन्मीचं देणं येतं. पत्रक वाचून पालकांना वाटायला नको की त्यांच्या लेकरानं कुत्र्याचं काही फेडायचंय.

पूर्व भाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात. पाळीव प्राण्याला ‘पेंपुडु जंतुवु’ म्हणतात आणि दत्तक मुलाला ‘पेंपुडु कोडुकु’. शब्द एकच. शेजारच्या कानडी काकूंना विचारलं, त्यांच्यात ‘साकु प्राणी’ आणि ‘साकु मगा’. तिथंही तेच. सोलापुरात राहून हे आजवर कधी लक्षात आलं नव्हतं. मराठीत आपण जनावर ‘पाळतो’, पण दत्तक मुलाला पाळीव म्हटलं तर भांडण होईल.

होटगी रोड

हे फार मोलाचं सांगितलंत. इंग्रजीतला बॉन्ड हा शब्दसुद्धा आई आणि बाळाच्या नात्याबद्दल वापरतात, तोच इकडे आला. आपल्याकडे लळाही आधी लेकराचाच आठवतो. म्हणजे चारही भाषा फिरून त्याच पाळण्यापाशी येतात.

आणि ‘पाळणे’ला मी इतकं हलकं समजणार नाही. मराठी माणूस कुत्रा पाळतो, तसाच शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो. पाळणं म्हणजे रोज न चुकता करणं. ‘पाळीव’ शब्दातलं हे वचन आपण ऐकेनासे झालो आहोत.

गुरांचा डॉक्टर

चर्चा लळ्यावर थांबू नये म्हणून लिहितो. पत्रकात दोन शब्द काटेकोर वापरा: पाळीव आणि माणसाळलेला. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी टाकतो. पाळीव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ वाढलेली जात: कुत्रा, गाय, घोडा, शेळी. माणसाळलेलं म्हणजे जंगली जातीचं एखादं जनावर, जे माणसाला सरावलं. लहानपणापासून वाढवलेलं माकड कडेवर बसेल, हातातलं खाईल, पण ते माणसाळलेलं आहे, पाळीव नाही. श्वेतपत्रिका नेमकी इथे रेघ मारते. उपचाराच्या कामात फक्त पाळीव जनावरं घ्यायची. जंगली जातीची नाहीत, माणसाळलेली असली तरी नाहीत. हा फरक सांगायला आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत.

दुसरं, तुम्ही शाळेत जाणार ती ‘भेट’ आहे की ‘उपचार’?

होटगी रोड

भेट. तासभर मुलांनी कुत्र्यांशी खेळायचं, इतकंच. प्रशिक्षित तज्ज्ञानं एकेका मुलासाठी उद्दिष्ट ठरवून, नोंदी ठेवून केलं तर उपचार. आमच्या पहिल्या खर्ड्यात सरसकट ‘प्राणी-साहाय्यित उपचार’ होतं, ते मी खोडलं. एका आईनं फोनवर विचारलं होतं, “किती दिवसांत बोलायला लागेल?” त्या फोननंतर तो शब्द ठेवणं मला जमलंच नाही.

न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ज्ञांनी १९६२ साली कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हटलं, ते त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याचं मुलांबरोबरचं वागणं पाहून. त्यातलं ‘सह’ महत्त्वाचं. तज्ज्ञ तिथे होतेच.

गुरांचा डॉक्टर

अगदी. मग शेवटच्या पानावरचं ‘प्राण्यांमधील तणावाची लक्षणे’ तेवढं बदला. ते कुणी वाचणार नाही.

माणदेशी

आमच्याकडे म्हणतात, जनावर बुजतं, बिथरतं. आणि हात लावला की कातडी आकसून बाजूला होतं, त्याला ‘अंग चोरणं’ म्हणतात. नवा माणूस धारेला बसला की गाय पान्हा चोरते, तसंच हे.

गुरांचा डॉक्टर

अंग चोरणं! हाच शब्द घ्या. कुत्रंही आधी भुंकत नाही, आधी अंग चोरतं. तोंड फिरवतं, झोप नसताना जांभई देतं, ओठ चाटतं, शेपूट आत घेतं. तेवढं दिसलं की मुलाचा हात अलगद काढायचा आणि कुत्र्याला बाहेर न्यायचं, तास भरला नसला तरी.

होटगी रोड

घेतला. शीर्षक ‘लळा’, खाली बारीक अक्षरात ‘माणूस आणि पाळीव प्राणी यांचं नातं’. उपचार जाऊन भेट. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात: ‘कुत्रं अंग चोरू लागलं, की भेट संपली.’

आईला परत वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे कळलं.” उद्या छापायला देते.